फिर्यादीतला चौथा परिच्छेद

कोर्टाच्या कुंपणाला लागून पत्र्याची एक लांबलचक शेड आहे. तिथं डावीकडून तिसरं टेबल मास्तरांचं आणि चौथं माझं. तिसरं आता रिकामं असतं. कुणी नवीन माणूस तिथं बसायला आला की मी काहीतरी खुसपट काढते, ऊन येतं म्हणते, पाय डुगडुगतो म्हणते, आणि त्याला शेडच्या दुसऱ्या टोकाला पिटाळते. मला त्याची लाजही वाटत नाही. बावीस वर्षं आमची टेबलं एकमेकांना खेटून होती, इतकी की त्यांनी खोडरबर घासलं की माझा टाईपरायटर हलायचा.

मास्तरांनी कधी कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. लोक त्यांना माफीमास्तर म्हणत. शेडमध्ये आम्ही आठ-नऊ जण; कुणी भाडेकरार लिहितो, कुणी वारसाचे अर्ज. मास्तर माफीनामे लिहीत. कुणी कुणाबद्दल जाहीरपणे काही बोललेला असायचा, छापलेलं असायचं, भिंतीवर चिकटवलेलं असायचं. त्यावरून बदनामीचा खटला व्हायचा, दोन-तीन तारखा झाल्या की माणसाची हवा निघायची, आणि मग वकीलच त्याला सांगायचे की बाहेर तिसऱ्या टेबलाकडे जा. मास्तर हाताने लिहायचे आणि मी टाईप करायचे. पुढे मशीन जाऊन कम्प्युटर आला, तरी त्यांचा मजकूर पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनेच उतरायचा.

या कामातही कसब असतं हे मला त्यांच्यामुळे कळलं. 'जर कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर' असं कुणी घरून लिहून आणलं की ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "दुखावल्यात म्हणूनच तर तुम्ही इथं उभे आहात ना?" आणि तो 'जर' खोडायचे. ज्या वाक्यावरून रामायण झालं ते वाक्य माफीत पुन्हा कधी येऊ द्यायचे नाहीत. ते म्हणायचे, पुन्हा लिहिलं की पुन्हा एकदा बोलल्यासारखंच झालं. ते शब्दशः लिहायचं काम फिर्यादीचं, कारण नेमकं काय म्हटलं हे फिर्यादीत नसेल तर खटला उभाच राहत नाही. हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मी ते कामापुरतं ऐकलं आणि पुढं कधी त्यावर डोकं चालवलं नाही. पण त्यांचा खरा जीव होता तो खिडकीत. माफीला खिडकी ठेवायची नाही, असं ते म्हणत. म्हणजे 'मला तसं म्हणायचं नव्हतं' म्हणून माणसाला मागाहून बाहेर डोकावता येईल अशी फट ठेवायची नाही. त्यांची माफी एकदा न्यायाधीशांपुढं गेली की परत आली नाही, एकदाही नाही.

मी त्यांना छळायचे. लोकांच्या जिभा कापायचं दुकान टाकलंय म्हणायचे. "जिभा नाही, टायपिस्टबाई, नखं," ते म्हणायचे आणि पेन्सिलीला टोक काढत बसायचे.

त्यांचं म्हणणं खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. एका घरमालकाने रागाच्या भरात एका तरुण शिक्षिकेबद्दल चारचौघांत सांगू नये असं काहीबाही कागदावर लिहून गल्लीभर लावलं होतं. तिची शाळा सुटली, ठरलेलं लग्न मोडलं. त्या घरमालकाचा माफीनामा मास्तरांनी लिहिला. एका पानाचा होता, पण शेवटच्या ओळीपर्यंत येता येता तो आडमाप माणूस घामाघूम झाला. आठ दिवसांनी ती शिक्षिका शेडमध्ये आली. मास्तर खरं तर समोरच्या बाजूचे, तरी ती त्यांच्यापुढं उभी राहून म्हणाली की आता मी दुकानात जाऊ शकते. बस, एवढंच म्हणाली आणि गेली. बोलायचं स्वातंत्र्य हवं म्हणून मी तावातावाने भांडत असते, पण त्या मुलीचा चेहरा आठवला की माझा आवाज थोडा खाली येतो.

मास्तरांचा या बाबतीतला हट्ट घरातून आला होता. त्यांचे वडील एका शाळेत सामानाच्या कोठारावर होते. गरीब मुलांसाठी आलेली पांघरुणं हा माणूस बाहेर विकतो, असं एक पत्रक एका सकाळी शाळेच्या फाटकावर लागलं. चार महिन्यांनी खरा चोर सापडला, तो तिसराच कुणीतरी होता. पण पत्रक लावणाऱ्याने ते मागं घेतलं नाही आणि कुणी त्याला तसं सांगितलंही नाही. तोवर वडील खिडकीतून रस्ता रिकामा आहे ना बघून मगच बाहेर पडायला लागले होते. दोन वर्षांत ते गेले. मास्तर तेव्हा सतरा वर्षांचे होते आणि त्यांची धाकटी बहीण नऊ वर्षांची. मास्तर म्हणायचे, त्या माणसाकडून कुणी तीन ओळी लिहून घेतल्या असत्या तर माझे बाबा जगले असते.

धाकटी मात्र त्याच गोष्टीतून वेगळं काही घेऊन मोठी झाली होती. ती मला एकदा म्हणाली होती, "शाळेतल्या चाळीस माणसांना माहीत होतं की बाबा चोर नाहीत. एकानेही तोंड उघडलं नाही."

एकाच घरात, एकाच दुखण्यावर दोघांनी दोन वेगळी औषधं घेतली होती, म्हणा ना.

धाकटी एकटीच राहायची, मास्तरांच्या दारासमोरच्या खोलीत. मास्तरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे दोन दारं आणि मधला जिना मिळून त्यांचं एक घर होतं. ती बोलकी, म्हणजे भलतीच बोलकी. जिन्याच्या पहिल्या पायरीवर सुरू केलेली गोष्ट ती तिसऱ्या मजल्यावर संपवायची आणि मधल्या मजल्यावरच्या लोकांना अर्धीच ऐकायला मिळाली म्हणून चुटपुट लागायची. ती शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात कपडे धुण्याच्या विभागात होती. चादरी, उशांचे अभ्रे, म्हाताऱ्या माणसांचे अंगातले कपडे. डाग बघून माणूस ओळखते मी, असं ती हसत सांगायची.

एका वर्षी तिच्याकडे चादरींबरोबर पट्ट्या यायला लागल्या. जुन्या चादरी चार बोटं रुंदीच्या फाडून केलेल्या. पहिल्यांदा तिला वाटलं पुसायची फडकी असतील. पण पट्ट्यांना गाठी असायच्या, दोन्ही टोकांना, आणि त्या अशा आवळलेल्या की धुण्याआधी तिला दातांनी सोडवाव्या लागायच्या. गाठीच्या आतल्या बाजूला कधी मलमाचा डाग, कधी रक्ताचा. तिने वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या बायकांना विचारलं. त्यांनी तिला गप्प राहायला सांगितलं. संचालिकाबाईंना विचारलं तर त्यांनी आपल्या कामाशी काम ठेवायला सांगितलं. मग एका रविवारी, नातेवाईक भेटायला येतात त्या वेळी, धाकटीने आपल्या हाताने लिहिलेला एक कागद फाटकाच्या फलकावर लावला. त्यात तिने लिहिलं होतं की इथं म्हाताऱ्या माणसांना पलंगाला बांधून ठेवतात आणि संचालिकाबाईंना ते माहीत आहे. खाली स्वतःची सही केली. निनावी पत्रकाचा तिला लहानपणापासून तिटकारा होता.

चौथ्या दिवशी नोकरी गेली आणि दुसऱ्या महिन्यात बदनामीची फिर्याद आली.

खरं बोललं तर गुन्हा होत नाही, एवढं तर शेडमधल्या चहावाल्यालाही ठाऊक आहे. पण खरं असणं वेगळं आणि कोर्टात खरं ठरणं वेगळं. तिच्या वकिलाने तिला विचारलं की बांधलेला एक तरी माणूस तू डोळ्यांनी पाहिलास का. नाही, ती म्हणाली, मी गाठी पाहिल्या. पट्ट्या आहेत का तुझ्याजवळ? नाही, त्या तर मी धुऊन परत दिल्या. वरच्या मजल्यावरच्या बायका साक्ष देतील का? त्यांच्यापैकी एकीने तिला रस्त्यात पाहून पदपथ बदलला होता. वकिलाने फाईल मिटली आणि मास्तरांकडे पाहिलं.

त्या दुपारी दोघं बहीणभाऊ माझ्या टेबलाशी बसले होते. मी कम्प्युटर सुरू करून वाट बघत होते. मास्तरांनी पेन्सिलीने लिहिलेला मजकूर तिच्यापुढं ठेवला आणि तो वाचता वाचता तिचा चेहरा उतरत गेला. त्यात लिहिलं होतं की मी केलेले सर्व आरोप पूर्णपणे खोटे आणि मनाने रचलेले आहेत, आणि कामावर उशिरा आल्याबद्दल मिळालेल्या समजेचा राग मनात धरून मी ते हेतुपुरस्सर केले. ती समज तिने घरी जेवताना हसत हसत सांगितली होती. भावाला.

"मी बांधलेलं पाहिलं नाही, असं लिही," ती म्हणाली. "आणि गाठी पाहिल्या, तेही लिही."

"ती खिडकी झाली. न्यायाधीश घेणार नाहीत."

"नको घेऊ देत."

"तुरुंग म्हणजे काय ते तुला माहीत नाही. मी कैद्यांच्या गाडीतून उतरणारी माणसं रोज बघतो. बाबांचं काय झालं ते आठव जरा."

"तेच आठवतंय मला, दादा."

मग मास्तरांनी जे केलं ते मी त्यांना कधी कुणापुढं करताना पाहिलं नव्हतं. त्यांनी बहिणीपुढं हात जोडले. ते 'माझं दुसरं कुणी नाही' एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. धाकटीने त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, करा टाईप.

मी केलं. एकही चूक न करता केलं. मी थांबू शकले असते, बोटं दुखतात म्हणू शकले असते, मास्तर, जरा विचार करा, असं म्हणू शकले असते. मी यातलं काही केलं नाही. शपथेवर तिची सही झाली, न्यायाधीशांनी माफी स्वीकारली, खटला मिटला. मास्तरांची माफी याही वेळी परत आली नाही.

धाकटीला एका हॉटेलात धुण्याचंच काम मिळालं आणि वर्षभर सगळं बरं चाललंय असं वाटत राहिलं. मग त्या वृद्धाश्रमात एक म्हातारा शिंपी वारला. त्याच्या मुलीने त्याला आंघोळ घालताना मनगटांवरचे वळ पाहिले आणि रीतसर तक्रार केली. चौकशी अधिकारी नेमला गेला. त्या आश्रमाबद्दल आधी कुणी काही बोललं होतं का, असा शोध घेताना एकच नाव निघालं, ते धाकटीचं. तिला बोलावणं आलं तेव्हा तिने केस विंचरून, इस्त्रीचे कपडे घालून जाण्याची इतकी तयारी केली की मास्तर जिन्यात उभे राहून नुसते बघत होते.

चौकशीची खोली लहानशी होती. मी, मास्तर आणि तिचा जुना वकील मागच्या बाकावर बसलो होतो. धाकटीने पट्ट्यांबद्दल, गाठींबद्दल, मलमाच्या डागांबद्दल सगळं नीट सांगितलं. शिंप्याची मुलगी रडत होती. मग आश्रमाच्या वकिलांनी एक कागद पुढं केला आणि तो मोठ्याने वाचला. खोटे, मनाने रचलेले, राग मनात धरून, हेतुपुरस्सर. मास्तरांची वाक्यं मी ओळखत होते. कुठं श्वास घ्यायचा तेही मला पाठ होतं.

"ही सही तुमचीच आहे ना?" वकिलांनी विचारलं. "मग बाई, तेव्हा खोटं बोललात की आज बोलताय?"

आज म्हटलं तर शिंप्याच्या मुलीची तक्रार तिथंच बुडाली. तेव्हा म्हटलं तर शपथेवर खोटं लिहून दिल्याचा गुन्हा, आणि त्याला माफी नसते. मास्तर उठायला लागले. तिच्या जुन्या वकिलाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं आणि कानात सांगितलं की तुम्ही काहीही बोललात तरी ती शपथ तिची आहे, भोगावं तिलाच लागेल. धाकटीने मागं वळून भावाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, रागाने नाही. मग अधिकाऱ्याला म्हणाली, मला काही सांगायचं नाही.

अहवालात एक ओळ आली, की सदर साक्षीदार विश्वासार्ह नाही. वळ कशाचे ते ठरवता येत नाही, असं पुढं होतं. शिंप्याच्या मुलीने जिना उतरताना धाकटीला विचारलं की तुम्ही असं का लिहून दिलं होतंत. धाकटी कठडा धरून पायऱ्या उतरत राहिली आणि मी तिच्या मागून.

त्या दिवसापासून तिने बोलणं टाकलं. भांडण नाही, अबोला नाही. मास्तरांचे कपडे ती पूर्वीसारखे धुऊन, घडी घालून आणून द्यायची. ठेवलेत, म्हणायची. हो, नाही, झालं, येते. मास्तर मला म्हणाले, घरातला रेडिओ बिघडल्यासारखं झालंय. आणि मग त्यांनी हसायचा प्रयत्न केला तो फार वाईट दिसला.

घाव अजून पुरता बसायचा होता. एकदा आश्रमाच्या वकिलांचा कारकून आमच्याकडे चहा प्यायला बसला होता. चांगला माणूस, मनात काही नाही. तो सहज म्हणाला, "मास्तर, बहिणीच्या वेळी तुम्ही फारच केलंत. 'अपुऱ्या माहितीवरून बोलले' एवढी एक ओळ आली असती तरी आमचे साहेब सोडून देणार होते. त्यांना तर खटला चालवायचाच नव्हता." मास्तरांनी पेला खाली ठेवला. खिडकी ठेवू द्यायला समोरचे तयार होते, आणि यांनी आपल्या हाताने ती विटा लावून बुजवली होती, कारण इतक्या वर्षांत त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी एकही माफीनामा लिहिला नाही. पत्ता बदलल्याचे अर्ज लिहायचे, हरवलेल्या दाखल्यांचे अर्ज लिहायचे. वकील चिडले, मग विसरले. मास्तरांनी फक्त एक काम केलं. धाकटीच्या वकिलाकडे जाऊन त्यांनी विचारलं की तिच्या त्या शपथेवरून तिला किती दिवस पकडता येतं. सहीपासून तीन वर्षं, वकिलाने सांगितलं. मास्तरांनी टेबलाच्या खणात आतल्या बाजूला एक तारीख लिहून ठेवली. मी ती पाहिली होती, पण मला वाटलं कुठल्यातरी अर्जाची मुदत असेल.

त्याच सुमारास त्यांना धाप लागायला लागली. डॉक्टरांकडे ते एकटेच गेले आणि आल्यावर म्हणाले की वय झालं, दुसरं काय. पुढं कळलं की डॉक्टरांनी त्यांना वर्षभराचा अंदाज दिला होता, आणि खणातल्या तारखेला तेव्हा चौदा महिने बाकी होते. त्यांनी ते चौदा महिने काढले. जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबत, औषधं न चुकता घेत, माझ्याकडून पथ्याची बोलणी खात काढले. मी म्हणायचे, आता कशासाठी एवढं जपताय स्वतःला. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

ती तारीख उलटल्यावर पहिल्याच रविवारी ते मला म्हणाले, जरा सोबत चला. बसने आम्ही शहराबाहेर गेलो. वृद्धाश्रमाच्या फाटकाशी नातेवाइकांची गर्दी होती, हातात पिशव्या, फळं, धुतलेले कपडे. मास्तर फलकाजवळ जाऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागले. पहिल्या वाक्यालाच आतून संचालिकाबाई आल्या आणि त्यांच्या मागून त्यांचा कारकून वही घेऊन आला. मास्तर थांबले. कारकुनाने पान उघडेपर्यंत थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शब्द शब्द सुटा करून ते बोलत होते. मला वाटलं धाप लागलीय. मी म्हटलं, मास्तर, बसा थोडं. त्यांनी हाताने मला गप्प केलं, वाक्य पुरं केलं आणि कारकुनाला विचारलं, "झालं लिहून?" तो बिचारा गोंधळून हो म्हणाला. मग ते बसले.

परत येईपर्यंत बातमी जिन्यापर्यंत पोचली होती. धाकटी दारात उभी होती. ती म्हणाली, "तीन वर्षं लागली तुला." मास्तर हो म्हणाले. मग तिने त्यांना हाताला धरून वर नेलं, आणि दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत ती त्यांच्यावर चिडून काहीतरी बोलत होती, औषधाबद्दल, बसच्या गर्दीबद्दल, न सांगता गेल्याबद्दल. मी खाली उभी राहून ऐकत होते आणि मला रडू येत होतं.

फिर्याद महिन्याभरात आली. पहिल्या तारखेला न्यायाधीशांनी नेहमीप्रमाणे विचारलं की माफी मागून मिटवायचं आहे का. त्यांनी मास्तरांना ओळखलं होतं. त्यांच्या हातचे कितीतरी माफीनामे त्यांनी स्वीकारले होते. अख्ख्या खोलीला वाटलं की आता हा माणूस खिशातून कागद काढणार. "नाही, साहेब," मास्तर म्हणाले. दुसऱ्या तारखेलाही तेच. धाकटी दोन्ही वेळा त्यांच्या शेजारी बसली होती, डबा आणि औषधाची बाटली घेऊन. साक्षीदार त्यांच्याकडेही नव्हते. हा खटला आपण हरणार हे ते मला शांतपणे सांगत होते, जणू दुसऱ्याच कुणाचं काम आहे. तिसऱ्या तारखेच्या नऊ दिवस आधी, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

आरोपी मेला की खटला संपतो. तसा अर्ज द्यावा लागतो. धाकटी मृत्यूचा दाखला घेऊन माझ्याकडे आली आणि मी टाईप केलं की आरोपी मयत झाल्याने प्रकरण बंद करावे. तिने तो अर्ज दोनदा वाचला.

"यात कुठं माफी मागितली असं येत नाही ना?"

"नाही."

तिने सही केली. मग म्हणाली, मला त्या मूळ फिर्यादीची नक्कल हवीय, कोर्टाच्या शिक्क्याची. मी म्हटलं, कशाला ते विष घरात ठेवतेस. ती म्हणाली, दादानेच सांगून ठेवलंय, मी गेलो की एक नक्कल काढून घे.

आठवड्याने नक्कल मिळाली. कागद पुरे आहेत ना ते बघायला म्हणून मी चाळायला लागले आणि चौथ्या परिच्छेदाशी थांबले. तिथं, आरोपीने जाहीरपणे पुढीलप्रमाणे उद्गार काढले, असं लिहून खाली फाटकाशी मास्तर जे बोलले होते ते दिलं होतं. सगळं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. 'माझ्या बहिणीने या आश्रमाबद्दल जे लिहिले ते खरे होते. तिने पट्ट्यांच्या गाठी आपल्या हाताने सोडवल्या होत्या. तिच्या माफीनाम्यातला शब्द न् शब्द मी माझ्या भीतीपोटी लिहिला, तो तिचा नव्हता.'

धाप लागली नव्हती त्यांना. ते मजकूर सांगत होते, मला सांगायचे तसा. कारकुनाने तो उतरवून घेतला, वकिलाने फिर्यादीत घातला, आणि कोर्टाने शिक्का मारून तो कायमचा जपून ठेवला. त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला हे सुचलं नसतं, आणि बावीस वर्षं शेजारी बसून मला ते उमगलं नाही.

वृद्धाश्रम अजून चालू आहे. संचालिकाबाई त्याच आहेत. पट्ट्या अजून धुवायला येतात की नाही, मला माहीत नाही. शिंप्याच्या मुलीला मी त्या परिच्छेदाची एक प्रत टपालाने पाठवली. उत्तर आलं नाही.

धाकटीने चौथा परिच्छेद माझ्या टेबलाशी उभ्याने वाचला. मग मास्तरांच्या खुर्चीवर बसून पुन्हा वाचला. कागदाची तिने आपल्या सवयीप्रमाणे कडेला कड लावून घडी घातली, हाताने दाबून सारखी केली आणि पिशवीत ठेवली. जाताना तिने विचारलं की दादाच्या खणात पेन्सिली उरल्या असतील तर मी नेऊ का. तीन होत्या. तिन्हींना टोक काढलेलं होतं.